अकरा मिनिटांची ओळ

मी एक जुनी विणकामाची सुई आहे. दहा नंबरची, चौदा इंच लांब, करड्या अ‍ॅल्युमिनियमची. एका टोकाला गोल टोपी, दुसऱ्या टोकाला अणकुची. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपलं आयुष्य सांगायला बसल्या की आधी दोन पानं स्वतःची टिमकी वाजवतात आणि शेवटी ‘आम्हाला जपा हो’ म्हणून हात जोडतात. मीही तेच केलं असतं. पण माझ्याकडून एक गोष्ट अशी घडून गेली आहे की मान वर करून सांगण्यासारखं फार काही उरलेलं नाही. तरी सांगते, आणि सगळं सांगते. लपवून काय होतं, तेही त्यातच आलं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लांबलचक तारेचे तुकडे पडत, त्यांना टोक काढलं जाई, मग एक बाई ते टोक आपल्या गालावरून फिरवून बघे. गालाला टोचलं की सुई परत घासायला. मी पहिल्याच खेपेला पास झाले, हे मी पुढे बरीच वर्षं सगळ्यांना ऐकवत असे. माझ्या डोक्यावर नंबर उठवला, टोपी बसवली आणि माझ्याच मापाच्या दुसऱ्या सुईबरोबर मला रबरात बांधलं. ती माझी जोडीदारीण. स्वभावाने गरीब, बोलणं कमी. जाळीच्या विणीत नक्षीची ओळ नेहमी माझ्या वाट्याला येई आणि तिच्याकडे मागची साधी ओळ. तिने कधी तक्रार केली नाही. मी मात्र शेफारले होते.

आम्हाला ज्या मुलीने विकत घेतलं ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. घरात तिला ताई म्हणत. तिला दहा वर्षांनी लहान बहीण होती, ती धाकटी. त्यांची आई एका मोठ्या धुलाईच्या कारखान्यात पाळीवर जायची, त्यामुळे धाकटीची वेणी घालणं, दप्तर भरणं, आजारपणात उशाशी बसणं हे सगळं ताईकडेच होतं. एका दुपारी तिने धाकटीला मांडीजवळ बसवलं, आम्हा दोघींना तिच्या हातात दिलं आणि वर स्वतःचे हात ठेवून पहिला टाका विणायला शिकवलं.

धाकटीने पहिला मफलर विणला तो वीस टाक्यांचा सुरू झाला आणि एकतीस टाक्यांचा संपला. ताई हसून लोटपोट झाली, पण तोच मफलर गळ्यात घालून बाहेर गेली. आणि तेव्हाच तिने तो नियम सांगितला.

“उठायचं असेल तर ओळ पुरी करून उठायचं. अर्ध्यावर ठेवलंस की ताण बदलतो, तिथे खूण पडते. आणि परत हातात घेताना उलट्या बाजूने विणत सुटशील ते वेगळंच.”

नियम खरा आहे, मित्रांनो. कुठल्याही विणणारीला विचारा. धाकटीने तो असा पाळला की घरात त्याच्या गोष्टी झाल्या. “ही ओळ होऊ दे” हे तिचं पालुपद. त्या ओळीपायी दूध उतू गेलं, किटलीचा तळ जळला, दारात आलेला गॅसवाला तीनदा बेल वाजवून परत गेला. एकदा ताईच्या मुलाने, म्हणजे तिच्या भाच्याने, लहानपणी पाय खरचटून घेतला आणि रडत आला, तर तिने डाव्या हाताने सुई सांभाळत उजव्या हाताने त्याला जवळ ओढलं, “सोळा टाके राहिलेत रे राजा” म्हणाली आणि सोळा टाके संपल्यावर फुंकर घातली. सगळे हसत. मीही हसत असे. मला वाटे, काय माझा दरारा आहे, माझ्यापुढे दुधाचीही डाळ शिजत नाही.

धाकटीने लग्न केलं नाही. ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, काचा घासून चौकटीत बसवायच्या कामावर. तिची नजर बारीक आणि हात हलका. ताईचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून दोघी बहिणी एकाच घरात, वरच्या मजल्यावर राहू लागल्या. भाच्याने खाली किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं. त्याचं मशीन सुरू झालं की दातांवर कळ येईल असा आवाज निघतो. त्या आवाजात त्याला ना हाक ऐकू येते ना फोन. म्हणून ताईला काहीही झालं, पाणी गेलं, दिवा गेला, पाठीत उसण भरली, तरी ती आधी फोन लावायची तो धाकटीला. खाली मुलगा आणि फोन तीन रस्ते पलीकडच्या चष्म्याच्या दुकानात. धाकटी म्हणायची, “अगं, तो जिन्याखाली आहे.” ताई म्हणायची, “तू उचलतेस ना. त्याचा काय भरवसा?”

हे वाक्य लक्षात ठेवा.

मधली काही वर्षं माझी उपेक्षेत गेली. मशीनवर विणलेले स्वेटर आले, भाचा मोठा झाला, त्याला हाताने विणलेलं घालायची लाज वाटू लागली. आम्ही दोघी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. त्याच काळात एकदा डबा जिन्यावरून सुटला आणि मी दगडी पायरीवर टोकावर आपटले. टोकाला खाच पडली. केसाएवढीच, पण लोकर नेमकी तिथे अडकायची. धाकटीने नोकरी संपल्यावर मला पुन्हा हातात घेतलं, तेव्हा दर दोन-चार ओळींनी लोकर त्या खाचेत धरली जाई आणि तिला थांबावं लागे. “अडकली बाई परत,” म्हणून ती चष्मा कपाळावर सरकवायची, धागा सोडवायची, तेवढ्यात इकडे तिकडे बघायची, चहाचा घोट घ्यायची, ताईशी दोन शब्द बोलायची. मला त्या खाचेची इतकी लाज वाटे की काय सांगू. गालावरून फिरून पास झालेली मी, आणि आता धागा ओरबाडते.

खरी लाज कशाची असते हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

धाकटी दर गुरुवारी विणणाऱ्या बायकांच्या एका मंडळात जायची. त्या मंडळाची परदेशात सहल ठरली. समुद्रकाठचं एक गाव, तिथे मेंढ्यांची लोकर अजून हाताने काततात, नऊ दिवस राहायचं, तिथल्या एका कातणाऱ्या बाईंकडून जाळीची बारीक वीण शिकायची. धाकटी आयुष्यात कधी देशाबाहेर गेली नव्हती. ती नको नको म्हणत होती आणि रोज नकाशा उघडून बघत होती. ताईचे गुडघे दुखत, तिला एकटं कसं सोडायचं, हे तिचं कारण.

“मी कुठे पळून जाणार आहे?” ताई म्हणाली. “खाली पोरगा आहे. फोन आहे. जा तू. नाहीतर जन्मभर मला ऐकवशील.”

“मी कधी ऐकवलंय तुला?”

“तोंडाने नाही ऐकवत. तेच तर.”

निघायच्या आदल्या दिवशी मंडळातल्या बायकांनी नव्या लाकडी सुया घेतल्याचं कळलं. धाकटी म्हणाली, मला माझी जुनीच बरी, हाताला ओळखते. तेव्हा ताईने मला मागून घेतलं. खिडकीशी बसून, भाच्याच्या दुकानातला पॉलिश पेपर आणून, तिने माझी ती खाच घासली. गुडघ्यावर फडकं अंथरून, जिभेचं टोक ओठांत धरून, तासभर घासत होती. मग तिने मला गालावरून फिरवलं, अगदी त्या कारखान्यातल्या बाईसारखं.

“झाली लोण्यासारखी,” ती म्हणाली. “आता नाही अडकायची कुठे. परक्या बायांपुढे आपली शोभा नको.”

मी खूश झाले. मित्रांनो, मी इतकी खूश झाले की रात्रभर पिशवीत जोडीदारणीला सांगत होते, बघ, बघ माझं टोक.

त्या गावी पोचल्यावर धाकटीने राखी रंगाची लोकर घेतली आणि ताईसाठी शाल विणायला घातली. दोनशे बारा टाके. राहायची खोली लहान होती. पांढरी भिंत, पलंगाशेजारी एक स्टूल, खिडकीतून बोटींच्या काठ्या दिसत. ती रोज संध्याकाळी ताईला फोन करायची आणि काय काय पाहिलं ते सांगायची, आणि ताई दर वेळी विचारायची, “किती ओळी झाल्या?” शाल कोणासाठी आहे ते मात्र धाकटीने सांगितलं नव्हतं. कातणाऱ्या बाईंच्या घरामागे एक लाकडी बाक होता, तिथे बसून सगळ्या विणत. बाईंना यांची भाषा येत नव्हती, यांना त्यांची. त्या मागे येऊन उभ्या राहत, बोट ठेवून चूक दाखवत, आणि नाही नाही अशी मान हलवत. तीन दिवसांत त्यांनी धाकटीकडे बघून एकदाही मान डोलावली नव्हती. धाकटी साठीची बाई, पण वर्गात नंबर हुकल्यासारखी खट्टू झाली होती.

चौथ्या दिवशी सकाळी सत्तावनावी ओळ लागली. नक्षीतली सगळ्यात अवघड. लोकर पुढे घ्यायची, दोन टाके एकत्र, एक उचलून ठेवायचा, परत पुढे घ्यायची, आणि मोजणं चुकलं की जाळीतली सगळी पानं वाकडी. मी तिच्या उजव्या हातात होते. भिंतीवर मोठं घड्याळ होतं, त्यात अकराला सात मिनिटं कमी होती. ओळीचे वीसेक टाके झाले असतील आणि तिच्या मांडीजवळच्या पिशवीत फोन थरथरला.

तिने पिशवीचं तोंड बोटाने उघडलं. पडद्यावर नाव होतं, ‘ताई’. ते तिने वाचलं. मीही तिथेच होते, मी सांगते, तिने ते नीट वाचलं.

“एवढी ओळ होऊ दे गं,” ती फोनकडे बघून म्हणाली.

फोन थांबला. मग पुन्हा वाजला. या वेळी तिने बघितलंही नाही, ओठ हलवत टाके मोजत होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ताईचा फोन म्हणजे दिवा गेला असेल, नाहीतर ‘किती ओळी झाल्या’ असेल. पण माझ्याबद्दल मी असं म्हणू शकत नाही. मी त्या दिवशी कधी नव्हे अशी चालत होते. सरसर, सरसर. एकदा तरी अडकावं, एकदा तरी धागा धरावा, तर तिने चष्मा वर केला असता, धागा सोडवला असता आणि सोडवता सोडवता म्हणाली असती, बघू तरी काय म्हणते ताई. साठ-सत्तर वेळा मी लोकरीतून गेले त्या ओळीत जाळी पाडायला, आणि एकदाही अडकले नाही. खाचच राहिली नव्हती. ती ताईने स्वतःच्या हाताने घासून काढली होती.

ओळ पुरी व्हायला अकरा मिनिटं लागली. पुरी झाली तेव्हा कातणाऱ्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी शाल हातात घेतली, उजेडात धरली आणि मान डोलावली. मग इतर बायका जमल्या, फोटो काढले, कोणी माझाही काढला. धाकटी लाजून लाल झाली होती. या सगळ्यात अजून पाव तास गेला. मग तिला आठवण झाली. तिने फोन लावला, पूर्ण वाजला, कोणी उचलला नाही. “लवंडली असेल जरा,” ती म्हणाली आणि फोन पिशवीत ठेवला.

भाच्याचा फोन आला तेव्हा ती जेवून हात पुसत होती.

“मावशी, आईला दवाखान्यात आणलंय. अर्धांगाचा झटका आलाय. उजवी बाजू गेली. बोलणंही... डॉक्टर म्हणतात जरा आधी आणायला हवं होतं. ती तुला फोन लावत होती का गं? तिच्या फोनवर दोनदा तुझं नाव दिसतंय.”

धाकटी भिंतीला टेकली. मग म्हणाली, “फोन पिशवीत होता रे. ऐकूच नाही आला.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नव्हतं ते. ती खोटं बोलणारी बाई नव्हे. खरं काय ते तिचं तिलाच ऐकवत नव्हतं, म्हणून ते वाक्य मध्ये आलं आणि बसलं. एकदा बसल्यावर ते उठेना. सहल नेणाऱ्या बाईंनी तिकिटाची धावपळ केली, सोबतिणींनी तिचे कपडे भरले, आणि जी विचारील तिला ती तेच सांगत गेली. ऐकूच नाही आला. पिशवीत होता. पाचव्यांदा सांगेपर्यंत आवाज अगदी खरा वाटू लागला होता. नऊ दिवसांची सहल चार दिवसांत आटोपली. कातणाऱ्या बाईंनी निघताना तिच्या हातात राखी लोकरीचा एक गुंडा ठेवला, तो तिने बघितलाही नाही.

विमानात ती सुरुवातीला नुसती बसून होती. मग तिने शाल काढली आणि ती सत्तावनावी ओळ उसवायला घेतली. सरळ धागा ओढून नाही, जाळीची वीण तशी उसवली तर सगळीच जाते. एकेक टाका माझ्यावरून परत जोडीदारणीवर, मागे मागे. विणायला अकरा मिनिटं लागली होती, उसवायला तिप्पट वेळ लागत होता. मला कळत होतं ती काय करते आहे. वरातीमागून घोडं. ओळ उसवली म्हणून घड्याळ मागे जात नाही. पण मी काय बोलणार, मी मुकाट्याने उलटी चालत होते.

शेजारच्या खुर्चीवर एक वयस्कर गृहस्थ होते. ते बराच वेळ बघत होते.

“चुकलं वाटतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बरंच मागे जायचंय?”

“एकच ओळ.”

“मग काही नाही,” ते म्हणाले. “आमच्या हिचं तर अख्खं स्वेटर उसवायला लागायचं.”

तिने पुढचा टाका मागे घेतला. अर्धी ओळ उसवून झाली होती तेव्हा विमान उतरायला लागलं. तिने मला तसंच अर्ध्यावर पिशवीत ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दवाखान्यातली खोली दोन खाटांची होती. एक खाट रिकामी होती आणि दुसरीवर ताई होती. झोपली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उशीवर कोणीतरी आणून ठेवल्यासारखा. धाकटीने दारातूनच बघितलं आणि परत बाहेर आली. बाहेरच्या बाकावर भाचा होता. त्याच्या बोटांना अजून पितळेचा कीस चिकटलेला होता.

“जिन्यात सापडली मला,” तो सांगू लागला. “मशीन बंद करून चहाला वर निघालो तर पायरीवर बसलेली. फोन मांडीवर. म्हटलं, आई, मला हाक नाही का मारायची? तोंड वाकडं झालेलं, पण बोलत होती तेव्हा अजून. काहीतरी भलतंच. म्हणे, थांब जरा, धाकटी ओळ पुरी करत असेल, आता करेल फोन. तेच तेच म्हणत होती. मावशी, मी गाडी आणायला धावलो तेव्हा तुझा फोन आला होता, तो तिच्या मांडीत वाजून गेला. हात उचलत नव्हता तिचा.”

तो बोटांवरचा कीस खरवडू लागला. “डॉक्टर म्हणाले, अशा वेळी माणूस असंच असंबद्ध बोलतं.”

मित्रांनो, ते असंबद्ध नव्हतं. त्या वाक्याचा अर्थ त्या दवाखान्यात फक्त दोघींना कळला, तिला आणि पिशवीतल्या मला. दोनदा फोन उचलला गेला नाही, तेव्हा ताई घाबरली नाही, रागावली नाही, खाली चार पायऱ्या सरकून मुलालाही तिने हाक घातली नाही. आपणच शिकवलेला नियम आहे, ओळ झाली की करेल, म्हणून ती वाट बघत बसली. तू उचलतेस ना, असा तिचा भरवसा होता. मी जन्मल्यापासून ज्याच्या जिवावर मिरवत आले तो दरारा हा असा. जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं मला.

“मला ऐकू आला होता,” धाकटी म्हणाली.

“काय?”

“फोन. मी नाव वाचलं तिचं. ओळ पुरी करत बसले. तुला खोटं सांगितलं.”

 भाचा उठला आणि निघून गेला. थोड्या वेळाने चहा घेऊन आला, कप तिच्या शेजारी ठेवला, आणि स्वतः दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी गोळ्यांची चिठ्ठी तिच्या हातात देताना खाली बघत म्हणाला, “मशीन माझंही चालूच होतं, मावशी.”

पण ते नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी ताईने डोळे उघडले, धाकटीला ओळखलं आणि डावा हात थोडा उचलला. धाकटीने तो धरला नाही. आधी सांगितलं. उभं राहून, लहान मुलगी गृहपाठ केला नाही म्हणून सांगते तसं. “ताई, फोन वाजला तेव्हा मी बघितला. तुझाच आहे हे बघितलं. सत्तावनावी ओळ पुरी करायची म्हणून नाही उचलला. पुरी झाल्यावरही लगेच नाही केला. लोक कौतुक करत होते.”

ताईने नजर छताकडे नेली.  मग तिचा डावा हात खाटेच्या कडेवरून पिशवीकडे आला. शाल वर डोकावत होती. तिने चाचपली, माझी टोपी तिच्या बोटांना लागली, आणि तिने मला धरून ओढलं. त्या हाताला सवय नव्हती, तरी ओढलं. सगळे टाके माझ्यावरून घसरले. शंभरएक टाके, एकापाठोपाठ एक, उघडे पडले.

विणणारीच्या समोर कोणी असं केलं तर तिचा हात आपोआप टाके पकडायला पुढे जातो. धाकटीचाही गेला. अर्ध्यातच तिने तो मागे घेतला आणि पाठीमागे लपवला.

पुष्कळांना वाटेल, ती ताईची माफी होती. मला तसं वाटत नाही. मी तिच्या मुठीत होते, ती मूठ मला कळली. तो रागच होता, आणि रास्त होता. तिने मला परत दिलं नाही. झोप लागली तरी मूठ सोडली नाही, नर्सने सोडवायचा प्रयत्न केला तेव्हा धाकटीच म्हणाली, “राहू द्या तिच्याकडे.”

याला आता वर्ष झालं. ताई घरी आहे. उजवा हात तसाच आहे, बोलणं थोडं आलं आहे, एका वेळी एखादा शब्द. धाकटीने ते घसरलेले टाके चष्म्याच्या काचा बसवायच्या जुन्या नजरेने एकेक उचलून नव्या सुयांवर घेतले. शाल पुन्हा सुरू झाली. जोडीदारीण धाकटीच्या अंबाड्यात खोचलेली असते आणि सुखी आहे. आणि मी ताईच्या उशाशी, पाण्याच्या स्टीलच्या ग्लासाजवळ. ताईला काही हवं असलं की ती डाव्या हाताने मला उचलते आणि ग्लासावर वाजवते. टण, टण. पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकते आणि धाकटी येते.

ओळीच्या मध्येच येते. दर वेळी.

ताईला पाणी हवं असतं, उशी हवी असते, खिडकी लावायची असते. कधी कधी काहीच नको असतं. नुसती वाजवते. पहिल्या पहिल्यांदा मला वाटे, ही छळ मांडते आहे. नंतर कळलं, ती बघते आहे. धाकटी दारात आली की ती तिच्या हातांकडे बघते. हात रिकामे असले की डोळे मिटते. असं दिवसातून सात-आठ वेळा चालतं, आणि शाल त्यामुळे पुढे सरकत नाही. भाचा म्हणतो, “मावशी, हा हिवाळा तर गेला, पुढच्याला तरी होईल का?” जिथे जिथे धाकटी उठून आली तिथे विणीत ताण बदललेला आहे, खूण पडली आहे. शाल अशा खुणांनी भरली आहे. नवख्या माणसालाही दिसतील इतक्या.

परवा धाकटीने ती अर्धी शाल ताईच्या पांघरुणावर पसरून दाखवली. ताईने डावं बोट फिरवलं. एका खुणेवर थांबली, मग पुढच्या, मग तिच्या पुढच्या. बराच वेळ तिचं बोट असं चालत होतं. मग ती म्हणाली, “सत्तावन?”

धाकटीने तिचं बोट धरून त्या ओळीवर नेलं. ती पुन्हा विणलेली ओळ. मध्यावर सगळ्यात मोठी खूण, जिथून मी खेचली गेले होते तिथे. ताईने तिथे अंगठा ठेवला आणि ठेवूनच दिला. धाकटी उभी होती. निघून जायचं असतं तर आत स्वयंपाकघरात किटली शिट्टी देत होती, पण ती गेली नाही.

मित्रांनो, वस्तू शेवटी विनंती करतात, तशी मीही करते. मला जपा असं मी म्हणणार नाही. मला पुष्कळ जपलं गेलं, माझ्यातली खाचसुद्धा कोणी राहू दिली नाही. मी एवढंच म्हणते की तुमच्या हातात माझ्यासारखं काही असेल, आणि कोणी हाक मारली, तर मला खाली ठेवा. टाके सुटले तर सुटू देत. खूण पडली तर पडू दे.

आता मला थांबायला हवं. ताईने मला उचललं आहे.